घंटागाडी विजेची हवी, की आधी पाण्याचे पंप बघायचे?

करंजेकर
2022 पासून सरकारी आणि पालिकांच्या नव्या गाड्या विजेवरच्याच घ्यायच्या, असं राज्याचं धोरण आलं. तेव्हापासून साताऱ्यात पर्यावरण म्हटलं की विजेची घंटागाडी आणि छतावरचं सोलर, विषय संपला. अहो, खरी वीज खातं पाणी! कास तलावाचं पाणी डोंगरावरून उताराने येतं. शहराच्या दुसऱ्या, शहापूर योजनेचं पाणी उरमोडी नदीतून पंपाने उचलून चढवावं लागतं. दहा लाख लिटर शंभर मीटर चढवायला निव्वळ 272 युनिट, पंप-मोटरीची घट धरली की चारशेच्या आसपास. वर आणलेलं पाणी गळलं की वीज गळाली. आधी गळती काढा, गाड्या मग.

माचीवाली
दादा, तुमचे युनिट कागदावर, धूर आमच्या नाकात. भरलेली डिझेल घंटागाडी आमच्या माची पेठेच्या चढाला पहिल्या गिअरमध्ये कण्हत चढते तेव्हा तिच्यामागे चालून बघा. कचरा उचलणारी माणसं रोज तेच करतात. त्यांनी गळती निघेपर्यंत खोकत बसायचं?

यवतेश्वरचा वारा
आणि कासचं पाणी फुकट समजू नका. धरणाची उंची वाढवली तेव्हा बामणोलीकडचा जुना रस्ता पाण्याखाली गेला. 2012 ला जागतिक वारशात गेलेल्या कास पठाराच्या अंगणात हे झालंय. वीजबिलात दिसत नाही एवढंच.

करंजेकर
कासचं मान्य. पण धरण आता झालंय, तर तो थेंबन् थेंब वापरा आणि शहापूरचे पंप तेवढे तास बंद ठेवा. माचीवाली ताई, चढावरच्या पेठांपुरत्या गाड्या आधी द्या, माझी हरकत नाही.

सांगलीकर पाहुणा
तुम्हाला उतार तरी आहे राव! आम्ही प्यायचं पाणी कृष्णेतून उचलतो, आणि सांडपाण्याच्या शेरीनाल्याची घाण तिच्यात जाऊ नये म्हणून तीही उचलायची. दोन्हीकडून मोटर.

जुना पेन्शनर
पालिकेला सगळे सांगतायत. नळ आला की किती गच्च्यांवरच्या टाक्या वाहतात ते मोजा. नळाला मीटर बसवा, पंप आपोआप कमी चालतील.

माचीवाली
मीटर? आमच्याकडे चढावर नळाला धार येते करंगळीएवढी. त्याच्या आधी हवा येते, तिचंही बिल भरू का?

जुना पेन्शनर
हवेवरही मीटर फिरतं, ते खरंय. मग आधी दाब सारखा करा. पण खालच्या पेठांचा दाब कमी केला की तिथले नगरसेवक काय म्हणतील, ते तुम्हीच सांगा.