मदत हवी आहे: प्रायमर खराब, पिस्तुलाला खड्डे पडलेत, स्पर्धा ११ दिवसांवर

दुधनाकाठ
मंडळी, लवकर सांगा. काल रेंजवरून येऊन पिस्तूल पुसायला घेतलं तर ब्रीच फेसवर (काडतुसाचं बूड टेकतं त्या पोलादी भागावर) बारीक बारीक खड्डे. मागच्या महिन्यात नव्हते. दर वेळी पुसतो म्हणून छातीठोकपणे सांगतो. नव्या पेटीतले प्रायमर (काडतुसाच्या बुडातल्या, ठिणगी पाडणाऱ्या टोप्या) खराब आहेत हे नक्की. ४० पैकी ३ गोळ्या वाजल्याच नाहीत, दोनदा तोंडावर गरम वारा आला. दुकानदार म्हणतो, तुमचं पिस्तूलच खराब. हीच काडतुसं वापरू का? आणि खड्डे कसे भरायचे? वडिलांनी कापसाच्या दोन हंगामांचे पैसे ह्या पिस्तुलात घातलेत, जीव तुटतोय नुसता.

बालाघाटी
बोअर (नळीचं माप) कोणतं ते सांगाल का आधी? .२२ असेल तर त्यात वेगळा प्रायमर नसतोच. ठिणगीचा मसाला पुंगळीच्या (काडतुसाच्या धातूच्या नळकांड्याच्या) काठात भरलेला असतो आणि पिस्तुलाची पिन काठावर आपटते. त्यात काठ फुटतो, प्रायमर नाही. फोटो टाका.

वाळूजकर
दादा, टेन्शन घेऊ नका. वाळूज एमआयडीसीत माझ्या ओळखीचा मोल्डचं काम करणारा आहे. वेल्डिंगनं खड्डे भरून ग्राइंडरवर आरशासारखं करून देईल. संभाजीनगरला या, मी स्वतः सोबत येतो.

निवृत्त_आर्मरर
वाळूजकर, तुमचा हेतू चांगला आहे, पण हे अजिबात करू नका. शस्त्र कायदा १९५९, कलम ५. शस्त्राच्या दुरुस्तीलाही परवाना लागतो, आणि कायद्यानं सुटा भागसुद्धा शस्त्रच. तो बिचारा मोल्डवाला आणि हा मुलगा दोघंही अडकतील. शिवाय वेल्डच्या उष्णतेनं पोलादाचं पाणी उतरतं. नरम पडलेला ब्रीच फेस चार पेट्यांत बसेल.

दुधनाकाठ, मी फौजेत २२ वर्षं हेच काम केलं. बोअर, काडतुसांचा लॉट नंबर (एकाच वेळी बनलेल्या मालाचा क्रमांक), खड्डे नेमके कुठं आहेत, पिनचं टोक कसं आहे, रिकाम्या पुंगळ्या ठेवल्यात का, एवढं सांगा. गोळी झाडताना चष्मा होता का?

किल्लारीकर
हा गंज आहे. आमच्या आजोबांच्या बाराबोरला असंच झालं होतं. जुन्या टोप्यांत पोटॅशियम क्लोरेट असायचं, बार झाला की मिठासारखा क्षार मागं राहतो आणि पावसाळ्यात हवेतलं पाणी ओढतो. तेलानं तो निघत नाही. उकळत्या पाण्यानं धुवा, कोरडं करा, मग तेल. मी हेच करतो, ३० वर्षं झाली.

गोदातीर_नांदेड
किल्लारीकर काका, क्षाराचं बरोबर आहे, पण आजकालच्या स्पर्धेच्या काडतुसात तसला मसाला नसतो. लेड स्टिफनेट असतं, त्यानं असा गंज येत नाही. आणि गंज लागला तर सगळीकडं लागेल, नळीतही. फक्त ब्रीच फेसवरच कामून येईल?

किल्लारीकर
फोटो न बघता तुम्ही तरी कसं सांगता?

सोयगावचा_पोऱ्या
इथं जाणकार आहेत म्हणून विचारतो. मला १० मीटर एअर पिस्तूल सुरू करायचंय. लायसन लागतं का?

बालाघाटी
.१७७ बोअर आणि २० ज्यूलच्या आतली ताकद असेल तर लागत नाही. वेगळा धागा काढ भाऊ, तिथं नीट सांगतो.

दुधनाकाठ
अहो बोअर काय विचारता, सेंटर फायरची (पिन बुडाच्या मधोमध टोपीवर आपटते ती) स्पर्धा आहे ना माझी! (हे लिहायचं राहिलं, मान्य.) .३२ एस अँड डब्ल्यू लाँग, वॅडकटर (सपाट टोकाची गोळी). चष्मा असतो. पुंगळ्या रेंजवरच्या डब्यात टाकल्या, बॅगच्या कप्प्यात ९ सापडल्या. फोटो चढत नाहीये, नेट लई स्लो.

मांजराथडी
सेंटर फायर म्हणजे सरावाला बालेवाडी गाठत असाल. परभणीकडून रात्रभराचा प्रवास. राही सरनोबतनं २०१८ च्या एशियाडमध्ये २५ मीटर पिस्तूलचं सुवर्ण जिंकलं, स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफलचं ब्राँझ. दोघं कोल्हापूरचे. तिकडं वातावरणच नेमबाजीचं आहे. आपल्या लेकरांच्या हातात ते नाही काय? आपल्याकडं मागणी लावून धरणारंच कुणी नाही.

निवृत्त_आर्मरर
मुद्दा खरा आहे, पण आधी ह्याचं पिस्तूल बघू.

सराफाच्या दुकानातून भिंग आणा, व्हर्निअर (बारीक माप घ्यायची पट्टी) घ्या. खड्डे पिनच्या भोकाला चिकटून असतील तर टोपीला आरपार भोक पडतंय. मग एकट्या काडतुसाला दोष देता येत नाही. पिनचं टोक धारदार झालेलं असतं किंवा पिन गरजेपेक्षा जास्त बाहेर येते. एकदा वायूनं टोक खाल्लं की ते आणखी धारदार होतं आणि पुढची टोपी आणखी सहज फाडतं.

पण खड्डे भोकापासून लांब, गोल रिंगणात असतील तर रिंगणाचा व्यास मोजा. स्मॉल पिस्तूल प्रायमर साधारण ४.४ मिमीचा असतो. रिंगण तेवढंच भरलं तर टोपीच्या कडेनं वायू निसटतोय. कडेच्या वळणाला बारीक चीर असली किंवा टोपी घरात सैल बसली की असं होतं. गॅस कटरची ज्योत पत्रा खाते तसा तो वायू पोलाद खातो. पुंगळीच्या बुडावर टोपीभोवती काजळीची रेघ दिसेल.

.३२ चा दाब ९ एमएमच्या निम्म्याहून कमी असतो. दाब जास्त झाला म्हणून टोपी फुटली, हे मला पटायला जड जातं.

गोदातीर_नांदेड
तीन मिसफायर आहेत काका, पिनचा फटकाही कमी पडत असेल. स्प्रिंग बदलून बघायला पाहिजे.

निवृत्त_आर्मरर
न वाजलेल्या त्या तीन गोळ्यांवरची पिनची खूण बघा. खोल असेल तर फटका बरोबर आहे, मसाला मेलेला. उथळ असेल तर गोदातीर म्हणतात ते तपासा.

बीडवाला७२
मेमध्ये काडतुसं गाडीच्या डिकीत होती का? ती दमट झाली असतील, दोन दिवस उन्हात ठेवा, ठणठणीत होतील.

निवृत्त_आर्मरर
उन्हात ठेवू नका, हात जोडून सांगतो! उष्णतेनं काडतूस सुधारत नाही, बिघडतं.

दुधनाकाठ
मोजलं. रिंगणात ९ खड्डे, व्यास ४.४. भोकाची कड साफ, पिनचं टोक गोल गुळगुळीत. ९ पुंगळ्यांपैकी ४ च्या बुडाला टोपीभोवती काळी रेघ. मिसफायरची खूण खोल आहे. नळीत गंज नाही. आता खड्ड्यांचं काय करू? पेटीतल्या १० गोळ्या आणि तीन सीलबंद पेट्या आहेत, एवढ्या फेकायच्या?

किल्लारीकर
रिंगण असेल तर माझा गंज चुकला. चार पुंगळ्या काळ्या म्हणजे लॉटच खराब.

निवृत्त_आर्मरर
फेकू नका, उघडू नका, झाडूही नका. खड्डे उथळ असतील तर पिस्तूल चालतं, त्यांना पॉलिशसुद्धा मारू नका. परवानाधारक गनस्मिथला एकदा दाखवा. मला खरी भीती दुसरीच आहे. मेलेल्या मसाल्याची गोळी कधी फुस्स वाजते आणि नळीतच अडकते. मागून दुसरी झाडली की नळी फुगली. मग पिस्तूल गेलंच समजा. आवाज फुसका आला की थांबायचं, नळी तपासायची. स्पर्धेत वाजली नाही तर नळी लक्ष्याकडंच ठेवा, मोकळा हात वर करा, पिस्तूल उघडू नका. उघडलं की ते मिसफायर तुमच्या खात्यात.

दुकानदाराला लेखी द्या. लॉट नंबर, त्या ४ पुंगळ्यांचे फोटो, भिंगाखालचा ब्रीच फेस. तोंडी बोललेलं कुणी धरत नाही. आणि प्रशिक्षकांकडून दुसऱ्या लॉटच्या २५ गोळ्या घेऊन एकेक पुंगळी बघा.

वाळूजकर
काका, कलमाचं मला माहीत नव्हतं. बरं झालं सांगितलंत.

दुधनाकाठ
बुधवारी रेंजवर गेलो होतो. सरांच्या लॉटच्या २५ झाडल्या, सगळ्या वाजल्या. एकाही पुंगळीचं बूड काळं नाही. खड्डे नऊचे नऊच आहेत. स्पर्धेपुरत्या गोळ्या सर देतायत. तीन पेट्या आणि त्या १० गोळ्या दुकानदाराकडं परत दिल्या, लॉट नंबरसकट पोच घेतली. वाळूजकर दादा, राग मानू नका, तुम्ही सोबत यायला निघाला होतात हे लक्षात आहे.