जतच्या वस्तीवर गाडी पाहिजे की सिस्टर?

जत पूर्वभाग
एका कंपनीच्या सीएसआरमधून, म्हणजे कायद्यानं समाजकामाला द्यायच्या पैशातून, आमच्या वस्तीवर दर गुरुवारी दवाखान्याची गाडी यायची. तीन वर्षं आली. बीपी बघायचे, शुगर बघायचे, गोळ्या फुकट. करार संपला, गाडी गेली. आईच्या बीपीच्या गोळ्या त्या गाडीवरच सुरू झालेल्या. ती म्हणायची, "गाडी आली की घेते." जानेवारीत तिच्या अंगावरून वारं गेलं. डावा हात अजून उचलत नाही.

आता दुसरी एक संस्था अनुदानासाठी अर्ज करतेय, गावात सह्या घेणं चालू आहे. परत गाडीसाठीच! माझं सरळ मत आहे: मागास भागाच्या नावानं आलेला आरोग्याचा पैसा गाडीला, शिबिराला, मशीनला देऊच नये. सरकारी आरोग्य उपकेंद्रात मुक्कामी राहणाऱ्या सिस्टरच्या पगाराला द्यावा. बोला.

कृष्णाकाठ
दादा, आईचं वाचून वाईट वाटलं. मत मात्र पटलं नाही. सीएसआर म्हणजे मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के, २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १३५. नफा घटला की रक्कम घटली. असल्या पैशावर कुणाचा पगार टांगून ठेवणार? शिवाय बाहेरून पगार येतोय म्हटल्यावर सरकारी पद भरायची घाई कुणाला राहील? गाडी गेली तर गाडीच जाते. सिस्टर गेली तर तोवर पदाची मागणीही विरलेली असते.

आणि वस्तूंना एवढी नावं ठेवू नका. मिरजेचं मिशन हॉस्पिटल १८९४ सालचं. देणगीच्या पैशावरच उभं राहिलं ना?

उपकेंद्रवाली
मी एएनएम आहे, म्हणजे उपकेंद्राची सिस्टर, जत तालुक्यातच. सिस्टर सिस्टर चाललंय म्हणून लिहिते.

सपाट भागात ५,००० माणसांमागं एक उपकेंद्र, डोंगरी आणि आदिवासी भागात ३,००० मागं. जत डोंगरी नाही, आदिवासीही नाही, म्हणून कागदावर जत आणि वाळवा सारखेच. वाळव्यात ५,००० माणसं गावठाणात दाटीवाटीनं राहतात. माझी मळ्यामळ्यांत विखुरलीत. काही वस्त्यांवर घरात कन्नड बोलतात आणि आम्ही वाटायची पत्रकं मराठीत. दिवाळीनंतर निम्मी घरं ऊसतोडीला. बाळाचा पुढचा डोस कुठल्या फडावर गाठायचा ते आशाताई फोन करकरून शोधते. स्कूटीचं पेट्रोल माझ्या पदरचं. माणशी सारखा पैसा वाटला की न्याय झाला, असं ज्यांना वाटतं त्यांनी एक दिवस माझ्या मागं बसून फिरावं.

दादा, राग मानू नका. बीपीच्या गोळ्या आमच्याकडंही मिळतात. तुमची आई गाडीवर औषध घेतेय हे मला कुणी कळवलंच नाही. गाडीवाल्यांचं रजिस्टर वेगळं, माझं वेगळं. गाडी गेली तेव्हा त्यांचं रजिस्टरही गाडीतूनच गेलं.

कोरेगावकर
मॅडमनी नेमकं दुखणं सांगितलं. आमचा सातारा राज्यातल्या पहिल्या चार जिल्ह्यांत होता (भंडारा, सिंधुदुर्ग, वर्धा बाकीचे), जिथं उच्च रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम सुरू झाला. २०१७ चा तो. त्यातही बाहेरच्या संस्थेचा पैसा होता, पण वेगळा दवाखाना काढला नाही. प्रत्येक पेशंटचं कार्ड, ठरलेला औषधक्रम, एका वेळी महिन्याच्या गोळ्या, आणि आला नाही त्याचा पाठपुरावा. औषध सरकारी, दवाखाना सरकारी. असं अनुदान घ्या की!

कृष्णाकाठ
कोरेगावकर, त्याच्यामागं केंद्र, राज्य, आयसीएमआर ही केंद्राची वैद्यकीय संशोधन संस्था, जागतिक आरोग्य संघटना सगळे उभे होते. एका कंपनीच्या दोन टक्क्यांत ते होत नाही.

शहरवासी
एवढा घोळ कशाला? मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही. पेशंट तिकडं आणायचा.

जत पूर्वभाग
शहरवासी, नकाशा बघा. आमच्याकडच्या उमदीहून सांगली शंभराहून जास्त किलोमीटर. आम्हाला विजापूर जवळ पडतं राव.

कांदाटी खोरं
तुमच्याकडं निदान गाडी पोचते. आम्ही कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयापलीकडं, महाबळेश्वर तालुक्यातच, पण तालुक्याकडं यायचं तर लाँच गाठावी लागते. धरणात गावं गेली, वर राहिली ती मूठभर घरं. आमचे ३,००० सुद्धा कधी भरायचे नाहीत. सिस्टर मुक्कामी राहिली तरी रात्री अडलेली बाई पाण्यापलीकडं तापोळ्याला नेणार कशी? आम्हाला वस्तूच पाहिजे. लाँच आणि तिचं डिझेल. वस्तूला पैसा देऊ नका हा नियम जतमध्ये करा, आमच्यावर लादू नका.

गणपती पेठ
सगळे पैसा कशाला द्यायचा बोलताय, कुणाच्या अटीवर ते कुणी बोलत नाही. सांगलीत १९९२ पासून वेश्या व्यवसायातल्या बायकांबरोबर काम करणाऱ्या 'संग्राम'नं २००५ मध्ये अमेरिकी सरकारचा निधी नाकारला. अट होती, वेश्याव्यवसायाला विरोध असल्याचं लिहून द्या. ज्या बायकांसाठी काम करायचं त्यांच्याच विरोधात सही! इतका करारीपणा सगळ्यांना परवडत नाही, कबूल. पण तुमच्या वस्तीला अर्ज लिहिण्याआधी कुणी विचारलं का? की आधी अर्ज लिहिला आणि मग सह्या?

जत पूर्वभाग
आधी अर्ज, मग सह्या.

काल त्या संस्थेच्या बाई आल्या होत्या. कांदाटीकरांचं पटलं, म्हणून गाडीला नको म्हटलं नाही. कागदावर 'वाहन' छापलेलंच होतं. खाली हातानं लिहिलं: प्रत्येक पेशंटची नोंद त्याच दिवशी उपकेंद्राला द्यावी, आणि सही केली. बाई म्हणाल्या, छापील अर्जावर हातानं लिहिलेलं चालत नाही, दुसऱ्या कागदावर नुसती सही करा.

केली नाही. आईनं अंगठा दिलाय म्हणे, सोमवारीच.