तानपुरा नागपुरात घ्यावा की मिरजेहून मागवावा?

सुरांची_वाट: मुलगी गाण्याची प्रवेशिका पूर्ण परीक्षा पास झाली, आता पुढच्या मध्यमा प्रथमची तयारी. फोनमधल्या तानपुऱ्यावर आजवर भागलं. तिचा सूर काळी पाच, म्हणजे पेटीची पाचवी काळी पट्टी. सीताबर्डीत एका दुकानात तीन तानपुरे पाहिले. तिन्ही मिरजेचे, आणि मिरजेच्या कारागिराने फोनवर सांगितलेल्या किमतीहून बरेच महाग. मग मधले पैसे कशापायी? माझं मत, थेट पार्सलने मागवावा.

डग्गा: अहो, तो तानपुरा आहे, कुकर नव्हे! मधले पैसे जवारीचे समजा, म्हणजे तारा टेकतात ती घोडी घासून झंकार जुळवण्याच्या कामाचे. घोडीवर तार कशी टेकते त्यावर सगळा झंकार. तारेखालचा सुती दोरा, जीव म्हणतात तो, केसभर सरकला तरी तार मुकी. दुकानात चार तानपुरे मांडीवर घेऊन छेडता येतात. फोनवर सगळेच गोड वाजतात.

महालचा_भाऊ: राजेहो, दुकानातल्या त्या तानपुऱ्याने किती मे महिने काढले ते विचारलं का? आपल्याकडे बाहेर ४५ अंश, आत कूलरची ओल. लाकूड फुगते अन् आकसते. मी इथूनच घेतला होता, पहिल्याच उन्हाळ्यात तबली, म्हणजे पुढची लाकडी पाटी, तडकली. दुकानदार म्हणे, तुम्ही ओल्या फडक्याने पुसला असन!

वऱ्हाडी_ताई: माझा पार्सलने आला. खोक्यावर चारही बाजूंनी ‘नाजूक’ लिहिलं होतं, बहुतेक वाचून वाचूनच आपटलं. तुंबा म्हणजे खराच वाळवलेला भोपळा असतो हो, पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा. पार बोट जाईल एवढी भेग. कुरिअरवाले म्हणाले पॅकिंग कच्चं, कारागीर म्हणाले कुरिअरने आपटलं. सहा महिने मी दोघांना फोन करत बसले. शेवटी सांधून घेतला. वाजतो, पण भेगेकडे नजर जातेच.

रात्रपाळी: दुकान नाहीतर कुरिअर, तिसरं काही सुचतच नाही का कोणाला? महाराष्ट्र एक्सप्रेस मिरजेहून थेट नागपूरला येते. सतारमेकर गल्लीत जा, मुलीला घेऊन जा, तिथेच तिच्या सुरात लावून घ्या आणि वरच्या बर्थवर निजवून आणा. मी तसाच आणला, स्वतः रात्रभर खाली बसून. आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालंय, तेव्हा दुकानदार नुसतं ‘मिरजेचा’ म्हणाला तर कोणत्या कारागिराचा ते विचाराच.

डग्गा: आणि दोन वर्षांनी जवारी उतरली की पुन्हा तोच बर्थ? इथे जवारी काढणारा माणूस आधी गाठा.

महालचा_भाऊ: हे मात्र खरं आहे बा.

सुरांची_वाट: पार्सल रद्द, ताईंची भेग वाचून हिने तर हातच जोडले. तिकीट दिवाळीनंतरचं पाहतोय, दोन वरचे बर्थ मिळाले तर. डग्गाभाऊ, तुमच्या जवारीवाल्याचा नंबर व्यनितून पाठवा.