मदत हवी आहे: ओकच्या फांदीवरचे लाल मणी, किडे की गाठी?

नमस्कार मंडळी, मी गिरगावात राहते आणि घरीच नैसर्गिक रंगात रेशीम रंगवते, मंजिष्ठा करून झाली, लाख पण झाली. आता आतेबहीण स्पेनला व्हॅलेन्सियाजवळ असते तिने व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवलेत, कमरेएवढं ओकचं झुडूप, पानं काटेरी, आणि काड्यांवर वाटाण्यापेक्षा जरा लहान, गुळगुळीत, तपकिरी-लाल मणी. ती विचारतेय आणू का थोडे. केर्मेस नावाच्या किड्यापासून युरोपात किरमिजी रंग काढायचे एवढं वाचलंय पण ओकवर गाठीही येतात ना? आपल्याकडे काष्ठौषधीच्या दुकानात मिळणारं माजूफळ म्हणजे ओकची गाठच, आणि त्यातून मला लाल काही मिळालेलं नाही, लोखंड घातलं की सरळ काळं. मग ओळखायचं कसं? आणि आणायला सांगू का?

---
पळसपापडी: ताई, माजूफळात टॅनिन असतं, लाल रंग नसतोच, म्हणून काळं झालं. बहिणीला नखाने एक मणी काढून बघायला सांगा. गाठ झाडाचाच भाग असते, सहज सुटत नाही, कापली तर आत भरीव गर आणि मधे अळीची खोली, कधी बाहेर पडायचं भोक. केर्मेसची मादी नुसती चिकटलेली असते, टुणकन निघते. ती एकदा सोंड खुपसून बसली की हलत नाही, मरते तिथेच, आणि तिचं कवच अंड्यांवरचं झाकण होतं. फोडलं की आत लालभडक अंडी. शेकडो वर्षं लोक ह्याला दाणे समजायचे, तुमचा गोंधळ काही नवा नाही :) रंग मादीत नि अंड्यांत असतो म्हणून पिल्लं बाहेर पडायच्या आधी, मे-जूनकडे गोळा करायचे. रिकामी कवचं असतील तर विषय संपला.

आणायचं मात्र नाव काढू नका, परदेशातून काड्या, अंडी आणायला क्वारंटाइनचे नियम आहेत, आणि हा किडा इथे कोणालाच नकोय. मेक्सिकोचं कोचिनियल, म्हणजे निवडुंगावरच्या किड्याचा लाल रंग, सोळाव्या शतकात युरोपात आलं आणि केर्मेस मागे पडलं, कारण त्यात रंग कितीतरी जास्त. तुम्ही लाखच करा ना परत, तोही किडाच, पळस-कुसुम-बोरीवरचा. फक्त चपडा, म्हणजे वितळवून पातळ पापुद्रे केलेली लाख, घेऊ नका, त्यातला बराचसा रंग आधीच धुतलेला असतो, काडीवरची कच्ची लाख मागा.

---
धागाकर्ती: अरे देवा, चपडाच आणला होता, तरीच गुलाबीच्या पुढे जात नव्हतं! कच्ची लाख मुंबईत कुठे मिळेल? मशीद बंदरला कोणी घेतलीय का?