मदत हवी आहे: व्हॉल्व्ह बॉडीतलं श्रिंकेज (ओतलेला धातू थिजताना आकसून आत राहिलेली पोकळी), वेल्ड करू की बदलू?

गोव्यात वेर्ण्याला केमिकल प्लांटमध्ये मेंटेनन्सला आहे. रिॲक्टरच्या तळच्या व्हॉल्व्हची बॉडी कास्टिंगची, डब्ल्यूसीबी म्हणजे ओतीव कार्बन स्टीलची, जाडी १८ मिमी. फ्लँजच्या मुळाशी, जाडी एकदम बदलते तिथेच, घामासारखा थेंब दिसला. व्हॉल्व्ह काढून ठेवलाय. डाय पेनिट्रंटला (तडा दाखवणाऱ्या रंगाच्या चाचणीत) केसाएवढी लाल रेघ. रेडिओग्राफीत आत फांद्या फुटल्यासारखं श्रिंकेज, एएसटीएम ई४४६ (स्टील कास्टिंगमधल्या दोषांच्या नमुना एक्स-रेंचं मानक) च्या सी गटातलं. गोल गॅस पोअर (वायूच्या बुडबुड्यांची छिद्रं) असते तर एवढा घाबरलो नसतो. हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) पूर्वी पास होती, त्यामुळे तिचा दाखला नको.

सप्लायर म्हणतो, घासून वेल्ड भरा. नवी बॉडी चवथीनंतरच मिळेल. बॅच रोज तापते-निवते. स्थिर दाबाला ०.८ चा कास्टिंग फॅक्टर (कास्टिंगची ताकद कमी धरायचा गुणक) धरला, पण फटीगसाठी (वारंवार ताण येऊन होणारा थकवा) वेल्डखाली उरणारं श्रिंकेज तडा समजूनच मोजायचं का?