ऋषीच्या भाजीला फोडणी : चालेल की नाही?

अळूचं_पान :
गणपती बसले की दुसऱ्या दिवशी, ऋषिपंचमीला, आमच्या घरात हा वाद ठरलेला. आम्ही दापोलीकडचे. गावच्या घरी अठरा माणसं जमतात. सासूबाई भाजी करतात ती बिनफोडणीची. अळूची पानं आणि देठी, लाल माठ, भेंडी, पडवळ, शिराळं, सुरण, लाल भोपळा, मक्याच्या कणसाचे तुकडे, अंबाडे. वर चिंचेचा कोळ, मीठ, वाटलेली हिरवी मिरची आणि ओलं खोबरं. बस्स.

गेल्या वर्षी मुलं खात नाहीत म्हणून धाकट्या जावेने त्याच पातेल्यातली अर्धी भाजी काढली आणि तेल-मोहरीची फोडणी देऊन गोडा मसाला घातला. सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत, पण भाजीला हात न लावता पानावरून उठल्या.

माझं मत स्पष्ट आहे, फोडणी नको. या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, म्हणून नांगरटीच्या तांदळाऐवजी वरी. तेलाच्या घाण्यालाही बैलच जुंपलेला असायचा, म्हणून तेल नाही. एक दिवस त्याच्या राबण्यातलं आपण काही घेत नाही, ही भावना मला फार मोलाची वाटते. आणि चवीचं म्हणाल तर या भाजीत पडवळ पडवळासारखं लागतं, सुरण सुरणासारखं. गोडा मसाला पडला की रोजच्या आमटीचीच चव.

चिखलणी :
पटलं नाही. आमच्या संगमेश्वरकडच्या वाडीत चिखलणीला पॉवर टिलर फिरतो. तेल डब्यातून येतं, त्या गिरणीत बैल नाही, मोटर आहे. ज्या कारणासाठी तेल वर्ज्य होतं ते कारणच उरलेलं नाही, मग सुनेवर राग कशाला?

आणि परंपरा म्हणताय, तर तुमच्या यादीतली मिरची, मका आणि लाल भोपळा ही तिन्ही अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांनी गोवा घेतलं १५१० साली. त्यांची जहाजं यायला लागल्यावर ही पिकं आपल्या किनाऱ्याला रुजली. त्याआधीच्या ऋषीच्या भाजीत यातलं काहीच नसणार. ज्या बाईने पहिल्यांदा मक्याचा तुकडा पातेल्यात टाकला, तिच्या सासूनेही तोंड फिरवलं असेल. आज तोच मका मुलं भांडून खातात.

उंबरठा :
तुम्ही दोघं फोडणीवर अडलात. मी त्या दिवशी ही भाजीच करत नाही.

कहाणी आठवा. ब्राह्मणाच्या बायकोने विटाळ पाळला नाही, म्हणून ती पुढच्या जन्मी कुत्री झाली आणि नवरा बैल. दोघं मुलाच्याच घरी. श्राद्धाच्या खिरीत सापाने गरळ टाकलेली तिने पाहिली, माणसं मरू नयेत म्हणून खिरीला तोंड लावलं, तर सुनेने मार दिला. मुलाने व्रत केलं तेव्हा आईबाप सुटले. पाळीला पाप मानणारं हे व्रत आहे. माझ्या आईला त्या चार दिवसांत मागच्या पडवीत बसवायचे, ते मी पाहिलंय. माझ्या मुलीला मी यातलं काही देणार नाही. भाजी आवडते, पण ती करते आठ दिवसांनी, आणि भरपूर फोडणी घालून.

परसदार :
उंबरठा ताई, विटाळाचं मीही मानत नाही, आमच्या घरात तो शब्दसुद्धा राहिलेला नाही. पण त्याच कहाणीत दिवसभर राबून उपाशी राहिलेला बैल आहे. मी विटाळ टाकला आणि बैल ठेवला. आम्ही देशावरचे, श्रावण अमावास्येला पोळा होऊन पाचच दिवस झालेले असतात. त्याला पुरणपोळी भरवल्यावर लगेच हा दिवस येतो, ते मला बरोबर वाटतं. भाजी परसातली, कुदळीने खणलेल्या वाफ्यातली. घरी टिलर असो की ट्रॅक्टर, हाताने लावलेलं खायचं, एवढं मी धरून आहे.

उंबरठा :
तुम्हाला कहाणीतलं अर्धं टाकून अर्धं ठेवता येतं, तर त्या जावेलाही फोडणी ठेवू द्या की.

अळूचं_पान :
हे लागलं. दुपारपासून विचार करतेय. टिलर आमच्याही शेतात आहे आणि मुलांनी ही भाजी खावी असं मलाही वाटतं.

पण त्या दिवशी सासूबाई पहाटेपासून एकट्या निवडत बसल्या होत्या आणि जावेने न विचारता त्यांच्या पातेल्यात पळी घातली. त्या उठल्या त्या तेलासाठी नाही, असं आता वाटतं. या वर्षी मी जावेला सकाळीच निवडायला बसवणार आहे. नैवेद्याची भाजी बिनफोडणीचीच. नंतर तिने मुलांपुरती वेगळ्या कढईत काढावी, मी अडवणार नाही. गोडा मसाला मात्र नको, यावर मी ठाम आहे.

चिखलणी :
हे मान्य. फक्त एक सांगा, तेल नाही तर भाजी तळाला लागत नाही का? आमची दरवर्षी करपते.

परसदार :
तळाला पडवळ आणि शिराळं घाला, त्यांना पाणी सुटतं. त्यावर सुरण आणि मका, सगळ्यात वर पालेभाजी. झाकणावर पाणी ठेवा, गॅस बारीक. सुरण शिजेपर्यंत ढवळू नका. चिंच त्यानंतर, आधी घातली तर सुरण दडदडीत राहतो.