केप सोलँडर : देवमासा कड्यावरून पाहावा की बोटीतून?

धागाकर्ती (दांडिया बाजार, बडोदे)

सिडनीला मुलाबाळांकडे जाणाऱ्या आपल्या बडोदेकर मंडळींत देवमाशांचा विषय निघाला की बोलणे बोटीच्या तिकिटांपासूनच सुरू होते, आणि माझा आक्षेप नेमका तेथे आहे. गेल्या जूनमध्ये मी जावयांच्या आग्रहाने एकदा बोटीतून, आणि नंतर दोनदा शहराच्या दक्षिणेला कर्नेल येथे असलेल्या केप सोलँडरच्या कड्यावरून देवमासे पाहिले. ज्याला चालण्याची आवड आहे आणि हातात वेळ आहे, त्याने बोटीच्या वाटेला जाऊच नये, असे माझे मत झाले आहे.

हा कडा कामाय बॉटनी बे राष्ट्रीय उद्यानात आहे. ब्रिटिश दर्यावर्दी जेम्स कुकच्या 'एंडेव्हर' जहाजावरून १७७० साली येथे उतरलेले स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ डॅनियल सोलँडर यांचे नाव त्याला दिलेले आहे. अंटार्क्टिकाकडच्या थंड पाण्यातून क्वीन्सलँडच्या उबदार पाण्याकडे पिल्ले घालण्यासाठी निघालेले हंपबॅक देवमासे मे ते जुलै या काळात किनारा धरून उत्तरेकडे जातात, आणि जमीन येथे समुद्रात पुढे आलेली असल्यामुळे कधी कधी ते कड्यापासून दोनतीनशे मीटरांवरून जातात. शिवाय उंचीचा लाभ आहेच. पाण्यापासून २५ मीटर उंच उभ्या असलेल्या माणसाला क्षितिज सुमारे १८ किलोमीटरांवर दिसते, तर बोटीच्या डेकवर, डोळे चार मीटर उंचीवर असतील तर, जेमतेम सातावर. दूरवर श्वासाचा पांढरा फवारा उठतो, आपण मनात अंदाज बांधतो की पुढचा कोठे उठेल, आणि तो जवळजवळ तेथेच उठतो. तासभर एकाच प्राण्याच्या प्रवासाला अशी सोबत करता येते. बोटीत मात्र माझा निम्मा वेळ कागदी पिशवी तोंडाशी धरण्यात गेला, हेही प्रामाणिकपणे सांगते.

प्रतिसाद : रावपुरेकर

ताई, आपले वर्णन वाचून कोणालाही मोह व्हावा, परंतु मी त्याच कड्यावर तीन तास उभा राहून आलो आहे आणि मला जे दिसले ते ठिपके होते. सोबत दुर्बीण नव्हती. वारा असा होता की बडोद्याच्या जानेवारीची सवय असलेल्या माणसाला कानटोपी आणि मफलर दोन्ही अपुरे पडावेत. पंधरा मीटर लांबीच्या प्राण्याची भव्यता कळण्यासाठी त्याच्या जवळ जावे लागते. बोट नियमाप्रमाणे शंभर मीटरांवर थांबते, हे खरे. पण इंजिन मंद करून थांबलेल्या बोटीकडे कधी कधी देवमासा आपणहून येतो, आणि तो अनुभव कड्यावर कितीही उभे राहिले तरी मिळणार नाही. पावागडला रोपवे असताना गुडघे दुखणाऱ्या माणसाला पायऱ्यांचा आग्रह धरू नये, तसेच हे आहे.

प्रतिसाद : मूळचा निजामपुऱ्याचा, सध्या सिडनीत

रावपुरेकर साहेब, ठिपके दिसले यात दोष कड्याचा कमी आणि वेळेचा अधिक असावा. कडा पूर्वेकडे तोंड करून आहे, त्यामुळे सकाळी सूर्य डोळ्यांवर येतो आणि पाणी नुसते चमकत राहते. दुपारनंतर ऊन पाठीशी गेले की फवारे स्वच्छ उठून दिसतात. वारा जोराचा असेल तर लाटांच्या पांढऱ्या फेसात फवारा ओळखणे जाणकारालाही अवघड जाते, म्हणून अशा दिवशी देवमाशांचा नाद सोडावा आणि दक्षिणेला केप बेलीच्या दीपगृहापर्यंत चालावे. १९५० सालचे हे दीपगृह दिसायला काही विशेष नाही, मात्र तेथवरची वालुकाश्माची आणि खुरट्या झुडपांची वाट फार सुंदर आहे.

या कड्याला आणखी एक महत्त्व आहे, जे बोटीला नाही. स्वयंसेवकांनी १९९७पासून हंगामभर येथे बसून जाणारे देवमासे मोजले. शिकारीमुळे १९६०च्या दशकाच्या आरंभी पूर्व किनाऱ्यावर हंपबॅक काही शेकड्यांवर आले होते; त्यांची संख्या पुढे इतकी वाढली की २०२२ साली ऑस्ट्रेलियाने त्यांना संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीतून वगळले. अशी गणना वर्षानुवर्षे एकाच जागी उभे राहूनच होते.

प्रतिसाद : सयाजीगंजमधून

दोन्ही बाजूंनी एक गोष्ट सुटली आहे. कठड्याच्या आतून पाहणे सुरक्षित आहे, यात वाद नाही. परंतु लोक छायाचित्रासाठी कठड्यापलीकडे खडकावर उतरतात, आणि शांत दिसणाऱ्या समुद्रातून अचानक मोठी लाट त्या खडकावर चढते. त्याच परिसरातील रॉयल राष्ट्रीय उद्यानात 'वेडिंग केक रॉक' नावाचा पांढरा कडा आहे. तो ढासळण्याच्या भीतीने २०१५ साली त्याला कुंपण घालावे लागले. नातवंडे सोबत असतील तर मी निःसंकोच बोटीच्या बाजूने मत देईन, कारण तेथे निदान लक्ष ठेवायला कर्मचारी असतात.

प्रतिसाद : रावपुरेकर

वेळेचा मुद्दा मान्य, मी सकाळीच गेलो होतो. तरीही सुट्ट्यांचा विचार करा. आपल्याकडची उन्हाळी सुट्टी जूनच्या आरंभी संपते आणि तेथील देवमाशांची खरी गर्दी जूनअखेरीस होते. दिवाळीत जावे, तर परतीच्या वाटेवरचे देवमासे पिल्लांसह दक्षिणेकडे जात असतात, आणि तेव्हा ते किनाऱ्यापासून बरेच दूर राहतात. म्हणजे शाळकरी मुले असलेल्या कुटुंबाला कड्याचा उपयोग किती, हे आपणच सांगावे.

धागाकर्ती

दिवाळीबद्दल आपले म्हणणे खरे आहे. मी निवृत्त असल्यामुळे सुट्टीचा हिशेब मनात आलाच नाही, ही माझी चूक. मात्र पिल्लू सोबत असेल तर बोटीलाही तीनशे मीटर दूर राहावे लागते, तेव्हा दिवाळीतल्या बोटीकडून फार जवळिकीची अपेक्षा ठेवू नये. भव्यतेबाबत मला एवढेच म्हणायचे आहे की आपण सगळे लहानपणी कमाटीबागेच्या संग्रहालयात देवमाशाच्या सांगाड्याखाली मान वर करून उभे राहिलो आहोत. इतक्या जवळून पाहूनही तो पोहतो कसा, हे मला कधी कळले नव्हते. ते कड्यावरून कळले.

प्रतिसाद : सयाजीगंजमधून

किरकोळ दुरुस्ती : संग्रहालयातला सांगाडा निळ्या देवमाशाचा आहे, हंपबॅकचा नव्हे.

प्रतिसाद : रावपुरेकर

येत्या जूनअखेरीस भावाकडे पुन्हा जाणार आहे. या वेळी दुर्बीण घेईन, दुपारी जाईन आणि केप बेलीपर्यंत चालेनही. बोटीची तिकिटे मात्र भावाने आधीच काढून ठेवली आहेत, आणि ती मी रद्द करायला सांगणार नाही.